अग्नी मिळेपर्यंतची थंडी

ऑक्टोबर लागला की आईचा खोकला सुरू व्हायचा. आधी सकाळी, तोंड धुताना. मग दुपारी, आणि महिना सरता सरता दिवसभर. मी पुस्तक घेऊन बसलेली असताना भिंतीपलीकडून तो कोरडा, घासल्यासारखा आवाज आला की मला कळायचं, उन्हाळा संपला. ऋतू बदलला हे जाणून घ्यायला खिडकीबाहेर बघावं लागत नसे. यंदा बघावं लागलं. आई फेब्रुवारीत गेली. बसस्टॉपवर ओली पानं बुटांना चिकटली तेव्हा मला समजलं, आणि घरी येऊन कोट न काढता मी बराच वेळ तिच्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. घर उबदार होतं आणि शांत होतं.

बर्मिंगहॅमचा शरद तसा मवाळ. पाऊस, चिखल, करडं आभाळ, लवकर पडणारा अंधार. मला हा ऋतू कळला तो इथून पुष्कळ उत्तरेला, स्कॉटलंडच्या वरच्या अंगाला, समुद्रकाठच्या एका मासेमारीच्या गावात. माझं बालपण तिथे गेलं. तिथे झाडं कमी, आणि जी होती तीही वाऱ्याने एका बाजूला कललेली. त्यामुळे तिथला शरद पानांत दिसायचा नाही, उजेडात दिसायचा. सप्टेंबरच्या सुरुवातीला रात्रीचं जेवण उजेडात व्हायचं; महिनाअखेरीला दिवा लावल्याशिवाय ताटातलं दिसायचं नाही. ऊन खाली खाली येत जायचं. एरवी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी थांबणारं ऊन समोरच्या भिंतीपर्यंत पोचायचं, तिथली धूळ, तेलाचे डाग, पोपडे सगळं उघडं करायचं आणि निघून जायचं. बार्ली कापलेल्या शेतांत नुसती धसकटं उरायची. मग एका दिवशी आइसलँडकडून रानहंसांचे थवे यायचे आणि त्या धसकटांत उतरायचे. त्यांचा कलकलाट घरात ऐकू यायचा.

"आले बघ," आई म्हणायची, "भरली मंडई."

बाबा त्या गावात बर्फाच्या कारखान्यात इंजिनिअर होते. मिरजेचा माणूस, आणि काम बर्फाचं. सुट्टीत भारतात गेलो की माझे काका दर वेळी तोच विनोद करायचे: "काय रे, थंडीच्या देशात बर्फ करायलासुद्धा आपलाच माणूस लागतो होय?" बाबा हसत नसत. ते शांतपणे समजावून सांगत, की बोटी समुद्रात दिवसेंदिवस राहतात, माशांवर टाकायला चुरलेला बर्फ लागतो, आणि बाहेरची थंडी मासा टिकवण्याइतकी भरवशाची नसते. ते घरी आले की त्यांच्या कोटाला अमोनियाचा आणि माशांचा मिळून एक वास यायचा. आई कोट दाराबाहेर टांगायची. मी सात वर्षांची असताना आम्ही तिथे गेलो. माझा धाकटा भाऊ अजित तिथेच जन्मला, तिथल्याच शाळेत वाढला.

बाबांना हवामानाचं वेड होतं. जहाजांसाठी रेडिओवर जो अंदाज सांगत तो ते पूजेसारखा ऐकायचे. पूजा मात्र ते कधी करत नसत, आणि खरं सांगायचं तर आईही फारशी करत नसे. गणपतीला एक सुपारी आणि दिवाळीला एक पणती, एवढाच तिचा धर्म होता. पण तिच्या अंगात मिरजेची दिनदर्शिका होती, ती काही निघत नव्हती. ऑक्टोबर म्हणजे कडक ऊन, असं तिचं शरीर तिला सांगायचं. आभाळ स्वच्छ निळं दिसलं की ती खिडक्या उघडायची, पातळ कार्डिगन घालून मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला जायची आणि निळी पडलेली बोटं काखेत धरून परत यायची.

"अगं, किती वेळा सांगू," बाबा म्हणायचे, "निरभ्र म्हणजे थंडी. ढग म्हणजे गोधडी. गोधडी काढली की जमिनीची ऊब सगळी वर निघून जाते."

"तुमच्या इथलं आभाळच उफराटं आहे."

"माझं कशाला? मी फक्त बर्फाचा."

हे भांडण दरवर्षी व्हायचं. दोघांनाही ते आवडत असावं. आईने आभाळ वाचायला शेवटपर्यंत शिकून घेतलं नाही. निळं आभाळ तिला फसवत राहिलं, आणि ती दरवर्षी त्याच विश्वासाने फसत राहिली.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचा तो ऑक्टोबर असाच स्वच्छ होता. वारा पडलेला. समुद्र काचेसारखा. सकाळी गवतावर गोठलेलं दव दुपारपर्यंत सावलीत तसंच पांढरं राहायचं. अशा एका सकाळी बाबा कारखान्यात यंत्रापाशी उभे असताना खाली कोसळले. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी तेव्हा बर्मिंगहॅमला लायब्ररीत नोकरीला नुकती लागले होते. अजित दक्षिणेला, रीडिंग नावाच्या शहरात शिकत होता. मी दिवसभर आगगाडीत बसून वर गेले. खिडकीबाहेर इतका सुंदर देश मी कधी पाहिला नव्हता. तांबूस डोंगर, निळं पाणी, लाल फळांनी लगडलेली रोवनची झाडं. मला ते सगळं निर्दयी वाटलं.

मिरजेत माणूस सकाळी गेला तर दुपारपर्यंत सगळं आटोपतं. तोवर घरात चूल पेटवत नाहीत. शेजारचे लोक लहान मुलांना खायला घालतात, मोठी माणसं नुसती बसून राहतात. काही तासांचा प्रश्न असतो. स्मशानातून माणसं परत आली, आंघोळी झाल्या, की कुणीतरी चूल पेटवतं आणि घर पुन्हा घर होतं. हा रिवाज अशा हवेत तयार झाला जिथे चूल थंड राहिली तरी भिंती उबदार असतात.

इथे गोष्ट वेगळी होती. अचानक आलेला मृत्यू, म्हणून शवविच्छेदन. मग सरकारी परवानगी. मग कौन्सिलच्या ऑफिसात नोंद. आमच्या भागात विद्युतदाहिनी किंवा गॅसदाहिनी काहीच नव्हतं. सर्वांत जवळचं ॲबर्डीनला, आणि तिथली तारीख पुढच्या आठवड्यातली. अंडरटेकर, म्हणजे पैसे घेऊन अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणारा, हा शब्द आईने तेव्हा पहिल्यांदा उच्चारला. त्या सभ्य, काळ्या कोटातल्या माणसाने तिला हळू आवाजात सांगितलं, की काळजी करू नका, त्यांना हॉस्पिटलात नीट ठेवलेलं आहे.

"कसं ठेवलंय?" आईने मला मराठीत विचारलं.

ती बर्फाच्या इंजिनिअरची बायको होती. तिला सांगायची गरज नव्हती.

आमचं घर दगडी होतं. बैठकीच्या खोलीत कोळशाची फायरप्लेस, तिच्याच मागच्या बॉयलरमधून घरभर ऊब आणि नळाला गरम पाणी. ती विझली की सगळंच विझायचं. अजित आला त्या संध्याकाळी दारातूनच ओरडला, "आई, घर पूर्ण फ्रीजर झालीये! मी फायर लावतो." त्याच्या मराठीत घर स्त्री व्हायचं, आग पुरुष व्हायची, काहीही व्हायचं. एरवी आम्ही हसायचो.

"नाही लावायची," आई म्हणाली. बाबांच्या खुर्चीजवळ जमिनीवर पीठ पसरून त्यावर तिने तेलाचा दिवा लावला होता, आणि त्याच्यासमोर ती भिंतीला टेकून बसली होती. अंगावर लुगडं, त्यावर कोट.

"का पण?"

"त्यांना अग्नी मिळाल्याशिवाय या घरात अग्नी नाही."

अजितने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे फ्युनरलपर्यंत? आई, दॅट्स नेक्स्ट वीक!"

"हो."

"बरं, मग इलेक्ट्रिक हीटर लावू या. त्यात आग नसतो. नुसता वायर असतो."

आईने खरंच विचार केला. "ती वायर लाल होते ना?"

"होतो."

"मग नको."

"आणि हा दिवा? दिवापण फायरच ना? हे लॉजिकल नाहीये, आई."

"हा त्यांच्यासाठी आहे. आपल्याला शेकायला नाही."

"ताई, तू सांग ना तिला. तू एवढं वाचतेस."

मी एवढं वाचत होते, पण मला काही सांगता येईना. कारण तिच्या म्हणण्यात श्रद्धेचा भाग थोडा होता. बाबांना आंघोळ अंडरटेकरच्या माणसांनी घातली. कपडे त्यांनी चढवले. तुळशीपत्र ठेवायचं तर तुळस कुठे होती? शेजारपाजारच्या बायकांनी येऊन गळ्यात पडायचं, तर इथे लोक कार्ड दाराच्या फटीतून आत सरकवून हळूच निघून जात होते. आईच्या हातात काही म्हणजे काही उरलं नव्हतं. आणि मग तिला हे सापडलं होतं, हे थंड बसणं.

आभाळ निरभ्रच राहिलं. खिडकीच्या काचांवर आतल्या बाजूने बर्फाची नक्षी उमटू लागली. आम्ही घरात टोप्या आणि हातमोजे घालून वावरत होतो. बोलताना तोंडातून वाफ निघायची. अजित पायऱ्यांवर वरखाली पळायचा, ऊब येण्यासाठी. आई हलायची नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिला खोकला सुरू झाला, आणि मग ताप. मी न विचारता गावातल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तिची छाती तपासली, मग आपल्या हातांवर फुंकर मारली, खोलीभर नजर फिरवली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं: "फुप्फुसात सूज आहे. ही खोली गरम करा. नाही केलीत तर मी यांना हॉस्पिटलात दाखल करणार. आणि या थंडीत आणखी राहिल्या तर मी काही खात्री देणार नाही."

मी आत येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं.

"नेऊ देत," ती म्हणाली. "हेही तिथेच आहेत ना, तळघरात."

अजित ताडकन उठला आणि बाहेर गेला. मागच्या अंगणात तो कोळशाच्या पेटीवर लाथा मारतोय हे आम्हाला ऐकू येत होतं.

त्या आवाजानेच जीन आली. जीन आमच्या शेजारी राहायची. नवरा बोटीवर होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. आई आणि तिची मैत्री अशी नव्हती. आईच्या फोडणीचा वास तिच्या पडद्यांत बसतो, अशी तिची कायमची तक्रार, आणि तिचं मांजर आपल्या कोथिंबिरीत घाण करतं, अशी आईची. जीन हातात पातेलं घेऊन आली ती कुरकुरतच.

"मसूरच आहे. हॅम घातलेलं नाही, शपथ. मीठ कमी आहे म्हणून नाक मुरडू नका." मग ती थांबली. तिच्या तोंडातून वाफ निघाली. तिने काळी, रिकामी फायरप्लेस पाहिली, आईला पाहिलं. "कोळसा संपलाय का?"

मी लाजत लाजत सगळं सांगितलं. इंग्रजीत ते फार वेडगळ वाटत होतं. जीन हसली नाही, हळहळलीही नाही. तिने एवढंच विचारलं, "नियम या घराला आहे की तिला?"

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या घरात पेटवलेलं चालतं का तिला?"

मी आईला मराठीत विचारलं. तिने दिव्यात तेल घातलं. मग म्हणाली, "शेजारच्यांचं चालतं. आपल्यात शेजारीच देतात."

त्या दिवसापासून जीन आपल्या किटलीतलं पाणी भरून रबरी पिशव्या आणू लागली. एक पाठीशी, एक पायाशी, एक पोटाशी. निवल्या की घेऊन जायची, भरून आणायची. आईला घाम फुटेपर्यंत घोंगड्यांत गुंडाळायची आणि वर बडबडायची, "आयुष्यभर माझ्या पडद्यांचा सत्यानाश केलास, आता माझा गॅसही संपव." आईला निम्मं इंग्रजी कळायचं नाही. पण ती त्या पिशव्या घट्ट धरून बसायची. ताप वाढला नाही. उतरलाही नाही. जीनच्या पिशव्या पोचतात तेवढं शरीर गरम आणि बाकीचं थंड, अशा अवस्थेत तिने उरलेले दिवस काढले. डॉक्टर रोज यायचे, मान हलवायचे आणि आणखी एक दिवस द्यायचे.

पुढे ती माझ्याकडे बर्मिंगहॅमला राहायला आली, तोवर तो खोकला तिच्या छातीत घर करून बसला होता. उन्हाळ्यात गप्प, ऑक्टोबरात जागा. इथल्या डॉक्टरांनी कधी दमा म्हटलं, कधी जुना डाग म्हटलं. त्या दिवसांचा आणि त्याचा संबंध नाही, असंही एकाने सांगितलं. मी ते मनापासून मानलं नाही. एकदा, एक मोठी उबळ येऊन गेल्यावर, मी तिला पाणी देताना विचारलंच, "आई, तेव्हा पेटवली असती शेगडी, तर काय बिघडलं असतं?"

तिने पाणी संपवलं. "काही नाही बिघडलं असतं."

"मग?"

"तुम्ही सगळ्यांनी केलं की काहीतरी. तू कागदपत्रं केलीस. अजितने अग्नी दिला. त्या काळ्या कोटवाल्याने आंघोळ घातली. मी काय केलं?" तिने पेला माझ्या हातात दिला. "त्यांना थंडीत एकटं ठेवलं नाही, एवढं केलं."

यावर मी आजवर पुष्कळ विचार केला आहे. कधी वाटतं, हा तिने स्वतःवर केलेला अन्याय होता, आणि आम्ही दोन धडधाकट मुलं तो बघत बसलो. कधी वाटतं, इतकी वर्षं परक्या राहिलेल्या त्या देशात तिला तेवढीच एक गोष्ट स्वतःच्या मनासारखी करता आली. दोन्ही खरं असू शकतं. खोकला मात्र निश्चित खरा होता, आणि फेब्रुवारीत तिला घेऊन गेला तो तोच.

अंत्यविधीच्या दिवशी हवा बदलली. पहाटे वारा पश्चिमेकडून सुटला, ढग आले, पाठोपाठ पाऊस. बाबा असते तर म्हणाले असते, गोधडी आली. गोठलेलं सगळं वितळून पागोळ्या गळू लागल्या. बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा उबदार होती. दार उघडलं की ऊब बाहेरून आत यायची. अजित, कारखान्यातले लोक आणि बंदरावरचे काहीजण ॲबर्डीनला निघाले. मी आईपाशी थांबले. जीनही थांबली, त्यांच्यातही म्हाताऱ्या बायका प्रेताबरोबर जात नसत, पुरुष परत येईपर्यंत घर सांभाळत. तिने आईला विचारून फायरप्लेसमध्ये कागद, काटक्या, कोळसा रचून ठेवला आणि काडेपेटी आईच्या मांडीवर ठेवली. मग आम्ही तिघी फोनची वाट बघत बसलो.

दुपारी तो वाजला. अजित पब्लिक फोनवरून बोलत होता. मागे पावसाचा आवाज. मी रिसीव्हर आईच्या कानाशी धरला.

"झालं, आई. मला बटण दाबू दिला त्यांनी."

"नाव घेतलंस त्यांचं?"

"घेतली."

"धूर दिसला का रे?"

"नाही. चिमणी आहे, पण धूर दिसत नाही. इथे तसं दाखवत नाहीत." फोनमध्ये आणखी एक नाणं पडलं. "मी बाहेर उभा राहून बघितला, आई. खूप वेळ बघितला. नाही दिसला."

आईने फोन माझ्या हाती दिला. भिंतीला धरून ती उठली, फायरप्लेसपाशी गुडघ्यांवर बसली. पहिल्या दोन काड्या मोडल्या. तिसरी पेटली. कागदाने पेट घेतला, काटक्या तडतडल्या, आणि मग धूर वर जायच्या ऐवजी सरळ खोलीत आला. इतके दिवस थंड पडलेलं धुराडं, त्यात बाहेरची हवा उबदार. वर ओढ घ्यायला काहीच नव्हतं. करडा, जाड, कोळशाचा कडू धूर फायरप्लेसच्या तोंडातून लोटत आला, छतापर्यंत पोचला, खाली उतरला. बाबांची खुर्ची दिसेनाशी झाली.

"अरे देवा, हिची छाती!" म्हणत जीन खिडकीकडे धावली.

"नको," आई म्हणाली. इंग्रजीत. "नो. लीव्ह."

जीन कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. मीही हलले नाही. आई त्या धुरात गुडघ्यांवर बसली होती, तोंड वर करून, डोळे उघडे ठेवून. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आमच्याही वाहत होतं. ती खोकली, श्वास घेतला, पुन्हा खोकली, आणि तरी ती वर बघत राहिली. धूर हळूहळू दाराच्या फटींतून, जिन्यावरून, घरभर गेला. आम्ही तिघींनी त्याला कुठेही अडवलं नाही.

मग कुठेतरी वर धुराडं तापलं असावं. खालच्या ज्वाळेने एकदम सुस्कारा टाकल्यासारखा आवाज केला आणि ती उभी राहिली. धूर मागे फिरला. कोळशांच्या कडा लाल झाल्या. आईने त्यांच्याकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोटाच्या बाह्यांतून हात बाहेर काढून, तळवे पसरून, समोर धरले.

"आता खिडकी उघड," ती मला म्हणाली. "आणि चहा टाक. जीनला साखर जास्त लागते."